वरच्या मजल्यावरची खुर्ची

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

फोन न करता पत्र लिहितेय, याचं कारण तुला ठाऊक आहे. फोन लावला की तुझा दादा स्पीकर चालू करतो आणि नणंद-भावजयीच्या गप्पांत निम्म्याहून जास्त तोच बोलतो. या वेळी मला तुझं म्हणणं हवंय, त्याचं नाही.

विषय ऑफिसचा आहे. आमच्या पंपांच्या कंपनीतून माणसं गळायला लागली आहेत, आणि जाणारी सगळी हुशार. ज्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही ती मात्र खिळा ठोकल्यासारखी बसून आहेत. मनुष्यबळ विभाग माझ्याकडे, त्यामुळे कुणी राजीनामा दिला की मोठे साहेब माझ्याकडे असं बघतात, जणू त्याची बॅग मीच भरून दिली.

यावर मी एक योजना आणली आहे. चांगल्या माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, लवकर वर न्यायचं. पद द्यायचं, केबिन द्यायची, हाताखाली माणसं द्यायची. सुरुवात डिझाइन विभागातल्या एका मुलापासून करतेय. मुलगा कसला, चाळिशीला आला असेल. सगळे त्याला मौनीबाबा म्हणतात, कारण तो बोलतच नाही. पण पंपाच्या पोटात जे चाक फिरतं ना, त्याच्या पात्यांना बाक कसा द्यायचा हे आमच्याकडे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. खाणीतलं पाणी उपसायचा आमचा पंप असा थडथडायचा की गिऱ्हाईकं परत पाठवायची. याने पात्यांचा बाक बदलला आणि थडथड गेली. असा माणूस दुसऱ्या कुणी पळवला तर मी साहेबांना काय तोंड दाखवू?

मार्चमध्ये सगळ्या शाखांच्या प्रमुखांपुढे मला याच विषयावर बोलायचंय. माझ्या ओळखीत एका जागी टिकलेलं माणूस म्हणजे तू. शिकाऊ सिस्टर म्हणून लागलीस आणि गेल्या वर्षी त्याच हॉस्पिटलात नर्सिंग समन्वयक झालीस. तुझी बढती झाली तेव्हा दादाने अख्ख्या इमारतीला चहाला बोलावलं होतं, लिफ्टवाल्यालासुद्धा. तर मला सांग, तू का टिकलीस? मनात येईल तसं लिही. व्याकरण मी बघते.

तुझी,
वहिनी

२२ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आठवडाभर टेबलावर होतं. प्रश्न सोपा वाटला म्हणून लिहायला बसले आणि अडकले.

मी का टिकले? पहिली गोष्ट म्हणजे आमच्या मोठ्या बाई. नवजात बाळांच्या विभागाच्या इन्चार्ज. अंगाने एवढ्या थोरल्या, पण काचेच्या पेटीत हात घातला की बोटं पिसासारखी व्हायची. मी नवीन होते तेव्हा त्यांनी मला पहिले काही दिवस काहीच करू दिलं नाही. नुसतं बघायला लावलं. 'मशीन काय सांगतंय ते सगळ्यांना दिसतं, बाळ काय सांगतंय ते बघ,' म्हणायच्या. कामाची पाळी संपली की दारात थांबवून विचारायच्या, 'आज काय जमलं?' काय चुकलं असं त्यांनी आधी कधी विचारलं नाही. तेही सांगायच्या, पण दुसऱ्या दिवशी, कामाच्या ओघात.

दुसरी गोष्ट म्हणजे बाळं. तळहातात मावतील एवढी यायची. त्यांची कातडी इतकी पातळ असायची की चिकटपट्टी काढताना मी श्वास धरायचे. एखादं बाळ अनेक आठवडे आमच्याकडे असायचं. मग एके दिवशी त्याला पहिल्यांदा आईच्या छातीवर ठेवायचं, नळ्यांसकट. आई घाबरलेली असायची, हात कुठे ठेवायचा ते कळायचं नाही. तिचा हात धरून बाळाच्या पाठीवर ठेवणं हे माझं काम होतं. ते काम मला कुणी दुसऱ्याने केलेलं आवडायचं नाही, खोटं कशाला बोलू?

चिडचिड व्हायची. पाय दुखायचे. एकदा नोकरी सोडायची असं ठरवून घरून निघाले होते आणि विभागात पोचल्यावर विसरून गेले.

आता वरच्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली आहे. खुर्ची चांगली आहे, फिरते. खिडकीतून पार्किंग दिसतं.

भाषणाला यातलं काही उपयोगी पडलं तर बघ. दादाच्या गुडघ्याला मालिश चालू आहे ना? आणि त्याला म्हणावं, तुमचा लिफ्टवाला अजून मला 'साहेब' म्हणतो, ते बंद करायला सांग.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

प्रिय धाकटे,

तू तर माझी लाज राखलीस! भाषणात मी तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं नाही, मोठ्या बाईंचं आणि त्या आईच्या हाताचं. जेवणानंतरची वेळ होती, निम्मे लोक पेंगत होते, पण त्या हातापाशी सगळे सरळ होऊन बसले. मग मी म्हटलं, 'आणि या बाई आज त्याच संस्थेत वरच्या पदावर आहेत. चांगल्या माणसाला वर जायची वाट मोकळी ठेवली की तो बाहेरची वाट धरत नाही.' टाळ्या पडल्या. मोठे साहेब सहसा फोनमध्ये डोकं घालून बसतात, त्यांनी चक्क मान हलवली.

योजना मंजूर झाली. मौनीबाबाला विभाग व्यवस्थापक केलं. काचेची केबिन, दारावर पाटी. छोटासा समारंभ केला, केक कापला. दोन शब्द बोला म्हटलं तर तो उभा राहिला, सगळ्यांकडे बघितलं, 'बरं' म्हणाला आणि बसला. त्याच्या मानाने ते भाषणच म्हणायचं.

आता खरी बातमी. साहेब म्हणतात, ऑगस्टच्या बैठकीला तुलाच बोलवूया. जाण्यायेण्याची, राहण्याची सोय कंपनी करेल. तू फक्त जे लिहिलंस ते बोलायचंस. मी तुझ्या वतीने हो म्हणून टाकलंय. दादाला आत्तापासून कोणता शर्ट घालायचा याची काळजी लागली आहे, बोलणार तू असलीस तरी.

तुझी,
वहिनी

३ एप्रिल

प्रिय वहिनी,

मी येणार नाही. साहेबांना काहीही कारण सांग.

तुझ्यावर रागावलेले नाही. तू जे मागितलंस ते मी दिलं, आणि जे मागितलं नव्हतंस ते दिलं नाही, एवढंच झालं. पण आता माझं नाव घेऊन तू लोकांना काही शिकवायला लागलीस, तेव्हा गप्प बसणं बरं नव्हे.

बढती झाल्यापासून मी एकाही बाळाला हात लावलेला नाही. एकदाच लावला, ते सांगते. माझं काम म्हणजे कुणाची पाळी कधी ते लावणं, रजा मंजूर करणं, बैठका. बैठकीत ठरतं की पुढच्या बैठकीत ठरवू. कर्मचारी समाधानी आहेत का हे बघायला कॉम्प्युटरवर हसरे-रडके चेहरे येतात, त्यातला एक दाबायचा. मी हसरा दाबते, कारण रडका दाबला की कारणं लिहायला सहा रकाने उघडतात.

फेब्रुवारीत एका दुपारी खालून फोन आला. आताची इन्चार्ज माझ्याच हाताखाली शिकलेली. दोघीजणी आजारी म्हणून आलेल्या नव्हत्या, बाहेरून एक बाळ आलं होतं, एवढंसं, आणि कुणालाच त्याची शीर सापडत नव्हती. डॉक्टरांनीही प्रयत्न करून झाला होता. ती म्हणाली, 'ताई, एकदा येता का?' मी जिना उतरले. हात धुतले. घोट्यापाशी शीर मिळाली, सुई बसली, औषध सुरू झालं. वहिनी, बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली. कँटीनमध्ये जाऊन मी दोन ताटं जेवले.

दुसऱ्या दिवशी प्रशासनाने बोलावलं. उपसंचालक सभ्य माणूस आहे, आवाज चढवला नाही. म्हणाला, 'मॅडम, हे तुमच्या पदात बसत नाही. काही बरंवाईट झालं असतं तर जबाबदारी कुणाची? तुम्ही आता मोठ्या कामासाठी आहात.' मी विचारलं, 'यापेक्षा मोठं कोणतं?' त्याला वाटलं मी विनोद केला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटं हॉस्पिटल आहे. नवजात विभागात सहाच पेट्या. तिथे सिस्टर हवी आहे. समन्वयक नाही, सिस्टर. मी अर्ज केलाय.

दादाला सांगू नकोस. त्याने माझ्या बढतीला इमारत गोळा केली होती. आता कुणाकुणाला सांगत फिरेल की बहीण खाली उतरली म्हणून?

धाकटी

११ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र वाचून आधी मी रागावले. माझ्याशी वर्षभर फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होतीस आणि हे पोटात ठेवलंस! मग जानेवारीतलं तुझं पत्र पुन्हा काढलं. त्यात सगळं 'होतं', 'असायचं', 'म्हणायच्या'. 'आहे' म्हणून जे लिहिलंस ते खोलीबद्दल आणि खुर्चीबद्दल. एवढ्या लोकांना वाचून दाखवलं मी ते, आणि मला दिसलं नाही.

त्या दिवशी ऑफिसात गेले ती तडक मौनीबाबाच्या केबिनकडे. तो दाराकडे पाठ करून बसला होता. समोरच्या पडद्यावर रजेचे अर्ज. मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, 'बसा हो, तपासणीला नाही आले. कसं चाललंय?'

'ठीक.'

'ठीक म्हणजे?'

त्याने पडदा बंद केला. मग म्हणाला, 'मॅडम, मी पात्यांचं काम शेवटचं कधी केलं सांगू? केक कापला त्याच्या आदल्या दिवशी.'

'मग तेव्हाच का नाही सांगितलंत?'

'तुम्ही विचारलं नाहीत. अभिनंदनाचं पत्र आलं. अभिनंदनाला नाही कसं म्हणायचं?'

धाकटे, तो माणूस एका दमात इतकं बोलला की बाहेरची मुलं काचेतून बघायला लागली. म्हणाला, दोन माणसं त्याच्याशी भांडत येतात, एक रडत येतो, त्याला काय बोलावं सुचत नाही. विभागातली मुलं त्याला पंपांची चित्रं दाखवायची, आता दाखवत नाहीत, साहेबाला कशी दाखवणार? आणि शेवटी, 'मी दुसरीकडे बोललोय. नक्की नाही झालं, पण होईल.'

मी त्याला वर नेलं म्हणून तो टिकेल असं मला वाटत होतं. तो पळायला लागला तो माझ्यामुळे.

आता तुझं. छोट्या हॉस्पिटलात जाण्याआधी एकदा तुझ्याच मुख्य अधिसेविकेला सरळ विचार ना, की मला परत विभागात पाठवा म्हणून. इतकी वर्षं दिलीस तिथे, निदान त्यांना नाही म्हणायची संधी तरी दे. मी मौनीबाबाला परत पात्यांकडे पाठवता येतं का ते बघते. दादाला काही बोललेले नाही, पण तो माझ्या तोंडाकडे बघून दोनदा विचारून गेला, 'काय शिजतंय?'

तुझी,
वहिनी

२८ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू म्हणालीस म्हणून विचारलं.

अधिसेविकाबाई वाईट नाहीत. मी सांगितलं, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये दोनदा फोन वाजला तरी उचलला नाही. मग म्हणाल्या, 'अगं, तुला खाली पाठवलं तर लोक म्हणतील हिने काहीतरी केलं असणार. शिक्षा झाली म्हणतील. तुला चालेल?'

मी म्हटलं, 'चालेल.'

'मला नाही चालणार. तुला वर आणायला मी भांडले होते.' आणि मग हळूच म्हणाल्या, 'आणि अशी सोयच नाही गं. वर जायची ऑर्डर निघते. खाली यायची फक्त चौकशी होऊन निघते.'

मी हसले. त्याही हसल्या. त्यांनी चहा मागवला. त्या स्वतः ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या, फार नावाजलेल्या. चहा पिताना मला म्हणाल्या, 'मला अजून कुणी शस्त्रक्रियेचं सामान लावताना दिसलं की हात शिवशिवतात.' एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

मी राजीनामा दिलाय. महिनाभर काम करून देईन. छोट्या हॉस्पिटलातून होकार आलाय.

दादाला मीच सांगेन, या रविवारी फोन करते. तू फक्त त्याच्या जवळपास राहा.

तुझ्या मौनीबाबाबद्दल एक सुचतं. साहेबांपुढे जाशील तेव्हा एकट्याची दया येऊन आल्यासारखं बोलू नकोस. त्याला सूट मागितलीस तर ती सूटच राहील. माणसाला त्याच्या कामातच मोठं होता आलं पाहिजे, अशी जागा माग. आमच्या मोठ्या बाईंना तशी जागा कुणी दिली नव्हती. त्यांनी तीन वेळा बढती नाकारली आणि निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोरी त्यांच्या वरच्या पदावर होत्या. निरोपाच्या भाषणात कुणीतरी त्यांना 'महत्त्वाकांक्षा नसलेल्या' म्हणालं. चांगल्या अर्थाने म्हणालं होतं.

धाकटी

३० मे

प्रिय धाकटे,

उशीर झाला, पण सांगण्यासारखं जमू दिलं.

मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, 'आपल्याकडे मोठं व्हायचं तर माणसाने आपलं काम सोडावं लागतं. दुसरी वाट नाही. मला दुसरी वाट हवी आहे. दर्जा व्यवस्थापकाचा, मान तोच, पण हाताखाली कुणी नाही. त्याने पाती करावीत आणि ज्याला शिकायचंय त्याला शिकवावं.'

साहेब म्हणाले, 'म्हणजे वर चढून खालीच बसायचं?'

'साहेब, तो खाली नव्हताच. आपण त्याला खाली समजत होतो.'

'मार्चमध्ये तर तुम्हीच म्हणालात वर न्या.'

'हो. चुकलं माझं.'

साहेब उठले. खिडकीशी गेले, परत आले. 'वर्षभर करून बघा,' म्हणाले. 'पण नाव काहीतरी भारदस्त द्या, नाहीतर वर विचारतील.' नावावर आम्ही बैठकीत दोन तास घालवले, तुला सांगायला लाज वाटते.

ती जागा मंजूर झाल्याचा कागद घेऊन मौनीबाबाकडे धावले. त्याने सगळं वाचलं. म्हणाला, 'छान आहे. पण मी तिकडे शब्द दिलाय, मॅडम.' मी खूप सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी नाही म्हणून मान हलवली. गेल्या शुक्रवारी गेला. जाताना माझ्या दारात थांबला. 'चाचणी विभागातल्या त्या बाईंना तुम्ही या नव्या जागेवर बसवणार असं कानावर आलं. आधी त्यांना विचारा.'

खरंच तसं ठरलं होतं. पंप चालवून बघण्यात तिचा हात कुणी धरत नाही. मी तिला बोलावलं, बसवलं, आणि या वेळी आधी विचारलं. नवीन जागा समजावून सांगितली. तिचा चेहरा पडला. म्हणाली, 'म्हणजे मला माणसं मिळणार नाहीत? मॅडम, मी किती दिवस व्यवस्थापक व्हायची वाट बघतेय! आमच्या विभागाचा कारभार कसा भोंगळ चाललाय, मला चार दिवस द्या, सरळ करते.' मी कपाळाला हात लावला. तुझ्यावरून मी आता सगळ्यांना तुझ्यासारखं समजायला लागले होते. तिला व्यवस्थापक केलं. विभाग थरथर कापतोय आणि ती आनंदात आहे.

नवी जागा सध्या रिकामी आहे. डिझाइनमधली दोन पोरं तिच्याकडे डोळा ठेवून आहेत असं दिसतं. एकाने तर मला जिन्यात गाठून विचारलं.

दादाचं सांगायचं म्हणजे, तुझ्या फोननंतर दोन दिवस तो धड जेवला नाही. मग मला म्हणाला, 'तिला कुणी छळलं का?' नाही म्हटलं. 'मग कुणी स्वतःहून खाली येतं का?' आता तो तुझ्याकडे यायला निघालाय, तुझी समजूत घालायला. मुद्दे पाठ करतोय, मी बाथरूमच्या दाराआडून ऐकलेत. सांभाळ.

तुझी,
वहिनी

२३ जून

प्रिय वहिनी,

दादा येऊन गेला. तुला त्याने काय सांगितलं माहीत नाही, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

तो आला तेव्हा माझी पाळी संपायची होती. बाहेरच्या बाकावर बसून राहा म्हटलं. इथला विभाग लहान आहे, बाकावरून काचेतून सगळं दिसतं. त्याच्या शेजारी एका बाळाचे आजोबा बसले होते. मी दीडएक तासाने बाहेर आले तर दादा त्या आजोबांना समजावत होता, 'आता त्या नळीने दूध देतायत, लगेच नाही देत, आधी बाळ किती शांत आहे ते बघतात.' आजोबा 'हो का, हो का' करत होते. मी म्हटलं, चल.  चालताना मी त्याच्या मुद्द्यांची वाट बघत होते. बसस्टॉपवर पोचल्यावर त्याने विचारलं, 'इथल्या कँटीनचं जेवण बरं असतं का?' मी म्हटलं, बरं असतं. 'मग ठीक आहे,' म्हणाला आणि बसमध्ये चढला.

सगळं छान आहे असं लिहिणार नाही. सामान कमी आहे. जुन्या हॉस्पिटलात एक बटण दाबलं की यायचं ते इथे फोन करून, ओरडून मागवावं लागतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान इन्चार्ज आहे. पहिल्या आठवड्यात ती मला काही सांगायलाच घाबरायची. मी तिला म्हटलं, 'बाई, तू सांग, मी करते. आणि मला काही दिसलं तर मी सांगते, तू ऐक.' आता जमतंय. परवा ती माझ्यावर डाफरली, एका पेटीचं झाकण मी नीट लावलं नव्हतं. बरोबर होतं तिचं. अधिसेविकाबाईंचा फोन आला होता. तिकडे विभागातल्या आणखी दोघी सोडून गेल्या. 'तुझ्या त्या वहिनीने कंपनीत काय केलं म्हणालीस?' असं विचारत होत्या. मी तुझा नंबर दिलाय.

आज एका मुलीला पहिल्यांदा तिच्या आईकडे दिलं. आई अगदी तरुण आहे, पहिलं मूल. हात कुठे ठेवायचा ते तिला कळेना, म्हणून मी तो बाळाच्या पाठीवर ठेवला आणि वर माझा हात ठेवून बसले. बाळाचा श्वास हळूहळू सावकाश झाला. आईचाही. बऱ्याच वेळाने ती बाळाकडे बघतच म्हणाली, 'सिस्टर, उद्या तुम्हीच असाल ना?'

मी म्हटलं, 'असेन.'

सकाळची पाळी आहे, तेव्हा आता आवरते.

तुझी,
धाकटी